लघवीची घाई आवरत नाही म्हणून लॅबमध्ये वाढवलेल्या ब्लॅडरचं (मूत्राशयाचं) विचारायच्या आधी हे करा
आधी ३ दिवस डायरी ठेवा. बाथरूममध्ये मापाचा मग ठेवायचा, किती वाजता, किती एमएल, दारापर्यंत जाईस्तोवर कपडे ओले झाले का, सगळं लिहायचं, लाजायचं अजिबात नाही. घाई लागली की पळू नका, जागीच थांबून लघवी रोखतो ते स्नायू चार-पाचदा आवळा, कळ ओसरली की सावकाश जा. मग गोळ्या, नाहीच जमलं तर ब्लॅडरमध्ये बोटॉक्सचं इंजेक्शन किंवा नर्व्ह स्टिम्युलेशन (ब्लॅडरच्या नसांना सौम्य विजेने चालना देणं). स्वतःच्या पेशी वाढवून केलेलं ब्लॅडर म्हणाल तर २००६ मध्ये अमेरिकेतले सर्जन अँथनी अटालांच्या टीमने ७ पेशंटचे रिझल्ट छापले, पण ते जन्मजात मणक्याच्या दोषाचे पेशंट होते आणि नंतरच्या ट्रायलमध्ये (पेशंटवरच्या चाचणीत) म्हणावा तसा फायदा दिसला नाही, कॉम्प्लिकेशन्स मात्र झाली, म्हणून कोणी हे नेहमीचं ऑपरेशन म्हणून सांगितलं तर ट्रायल आहे का ते लेखी मागा.