धमन्यांसाठी हळद, जवस आणि संत्री : या चुका टाळा

धमनीच्या आतल्या थरात एलडीएल हे ‘वाईट’ कोलेस्ट्रॉल अडकते, ते गिळण्यासाठी आलेल्या पांढऱ्या पेशी चरबीने फुगून तिथेच साचतात आणि दाह धुमसत राहतो. या दाहात आतड्यातील जिवाणूंचाही हात असतो, हे कळल्यापासून नैसर्गिक घटकांच्या कॅप्सूल भराभर खपू लागल्या आहेत.

सर्वांत घातक चूक म्हणजे ‘दाह कमी झाला की झाले’ असे मानून कोलेस्ट्रॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी परस्पर बंद करणे. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या कॅन्टॉस चाचणीत कॅनाकिनुमॅब या दाह शमवणाऱ्या इंजेक्शनने कोलेस्ट्रॉलला हात न लावता हृदयविकाराचा झटका, पक्षाघात व हृदयविकाराने होणारे मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण सुमारे 15 टक्क्यांनी कमी केले खरे. पण त्यातील बहुतेक रुग्ण स्टॅटिन घेतच होते, आणि जीवघेणे जंतुसंसर्गही वाढले होते.

दुसरी चूक खास नागपुरी आहे. आंबिया बहाराची संत्री घरात येतात आणि त्यांचा रस गाळून चोथा फेकला जातो. संत्री ज्याच्यासाठी धमन्यांना चांगली म्हणतात तो हेस्पेरिडिन हा घटक मुख्यतः साल, पांढरे तंतू आणि फोडींच्या पापुद्र्यात असतो. तो शर्करेला जोडलेला असल्याने लहान आतड्यात फारसा शोषला जात नाही. मोठ्या आतड्यातील जिवाणू ती शर्करा तोडतात, तेव्हा कुठे तो रक्तात पोहोचतो. जिवाणू प्रत्येकाचे वेगळे, म्हणून गुणही सारखा येत नाही. फोडी तंतूंसह खाव्यात. (ग्रेपफ्रूट या पपनसासारख्या फळामुळे ॲटोरव्हास्टॅटिन या स्टॅटिनचे रक्तातील प्रमाण वाढते म्हणून ते टाळायला सांगतात, ती बंदी आपल्या संत्र्याला लागू नाही.)

जवसाचेही तसेच आहे. अख्खे दाणे बहुधा न पचताच बाहेर पडतात. भाजून कुटलेल्या चटणीतील लिग्नन हे जवसातले उपयुक्त घटक मात्र जिवाणूंच्या हाती लागतात. सावजी रश्श्यासाठी पूर्वापार वापरात असलेल्या जवसाच्या तेलात ओमेगा-3 भरपूर असते, पण लिग्नन ढेपेतच राहून जातात. शिवाय त्याच रश्श्यातील मटणातल्या कार्निटीन या घटकापासून जिवाणू टीएमए हे रसायन बनवतात आणि यकृत त्याचे टीएमएओ हे दुसरे रसायन करते. रक्तात टीएमएओ अधिक असलेल्यांत हृदयविकार अधिक आढळतो. तेव्हा तेल जवसाचे आहे म्हणून सावजी हृदयाला चांगले, हा हिशेब चुकीचा आहे.

उंदरांवर दिसलेला परिणाम माणसाचा समजणे ही चूक जाहिरातदार जाणूनबुजून करतात, असे मला वाटते. हळदीतील कर्क्युमिन मुळातच फार कमी शोषले जाते, म्हणून कॅप्सूलमध्ये मिऱ्यातील पायपेरीन घालतात. ते इतर औषधांचेही रक्तातील प्रमाण वाढवू शकते, आणि अशा कॅप्सूलनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. वरणातील हळदीबद्दल ही काळजी नाही. दारूहळदीतील बर्बेरीनही काही औषधांच्या विघटनात अडथळा आणते, म्हणून डॉक्टरांना गोळ्यांबरोबर काढे, चूर्णे आणि कॅप्सूलही दाखवाव्यात.

शेवटची चूक तपासणीची. सर्दी, ताप किंवा सुजलेल्या हिरड्या असताना केलेली एचएस-सीआरपी (रक्तातून शरीरातील दाह मोजणारी तपासणी) धमन्यांविषयी काही सांगत नाही. आकडा 10 मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर आला, तर आधी संसर्ग शोधावा आणि बरे वाटल्यानंतर किमान दोन आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी.