प्रोजेक्टमधली जेआरएफ स्वीकारण्याआधी मंजुरीपत्र मागून वाचा

क्वांटम तंत्रज्ञानाच्या संशोधनात सध्या पैसा आहे, हे खरं. राष्ट्रीय क्वांटम मिशनला एप्रिल 2023 मध्ये मंजुरी मिळाली, 2030-31 पर्यंत 6,003.65 कोटी रुपये. त्यातलं सेन्सिंगचं, म्हणजे अतिसूक्ष्म मोजमापाचं, केंद्र आयआयटी मुंबईकडे आहे, पुण्यात आयसर या विज्ञान संस्थेचं आय-हब हे क्वांटम केंद्र त्याआधीपासून काम करतंय. पण अशा प्रोजेक्टमध्ये जेआरएफ, म्हणजे पीएचडी करताना मिळणारी ज्युनियर रिसर्च फेलोशिप, मिळाली तर हे आकडे वाचून घरी सांगू नका की पीएचडीच्या पाच वर्षांची सोय झाली.

नेट ही राष्ट्रीय परीक्षा देऊन मिळवलेली नेट-जेआरएफ तुमच्या नावावर असते. प्रोजेक्टमधली जेआरएफ प्रोजेक्टच्या नावावर असते. रक्कम सारखी दिसते, जानेवारी 2023 पासून महिना 37,000 आणि वर घरभाडं. त्यामुळेच बहुतेकांना फरक कळत नाही.

तीन वर्षांच्या प्रोजेक्टचं घड्याळ तुम्ही रुजू झाल्यावर सुरू होत नाही. ते आधीच सुरू झालेलं असतं. जाहिरात, मुलाखत, नेमणुकीची ऑर्डर यांत महिने जातात आणि ते तुमच्या वाट्यातून वजा होतात. त्यात पैसे हप्त्यांनी येतात. पुढचा हप्ता हवा तर आधीच्या खर्चाचं यूसी, म्हणजे विनियोग प्रमाणपत्र, द्यावं लागतं, आणि खात्यात किती शिल्लक आहे हेही पाहिलं जातं. आमच्याकडे नेमकं इथेच अडलं. परदेशातून येणाऱ्या लेझरची ऑर्डर खरेदी समितीत रखडली. उपकरणांच्या हेडमध्ये, म्हणजे त्या खर्चासाठी ठरवून दिलेल्या वाट्यात, मोठी रक्कम पडून राहिली, म्हणून पुढचा हप्ता थांबला. मॅनपॉवरचं हेड, ज्यातून आमची फेलोशिप येते, ते मात्र रिकामं झालं होतं. एका हेडचे पैसे दुसऱ्यात वळवायला निधी देणाऱ्यांची परवानगी लागते, तिलाही वेळ गेला. खात्यात लाखो रुपये असताना आम्ही घरभाड्यासाठी उसने मागत होतो. यात कुणी पैसे खाल्ले नव्हते. सगळं नियमानुसारच चाललं होतं, आणि तरीही फेलोशिप येत नव्हती.

म्हणून मुलाखतीनंतर मंजुरीपत्राची प्रत मागा. सुरुवातीची तारीख, मॅनपॉवरचे उरलेले महिने, किती हप्ते आले, एवढं बघा. विचारलं तर सर रागावतील ही भीती सोडा. रागावले तर त्या लॅबमध्ये जाऊच नका. मोठ्या नावापेक्षा वेळेवर यूसी पाठवणारा मार्गदर्शक शंभर पटींनी बरा, हे माझं ठाम मत आहे. आणि खरं काय ते लॅबमधल्या सिनियरला चहाला नेऊन विचारा, फेलोशिप कधी कधी अडकली ते तो महिन्यांसकट सांगेल.

प्रोजेक्टला मुदतवाढ मिळते, पण बहुतेकदा जादा पैशांशिवाय. तिच्या भरवशावर राहू नका.

तरी घाबरून संधी सोडू नका. लेझर अलाइन करायला, क्रायोस्टॅट (अतिथंड तापमान राखणारं उपकरण) हाताळायला हात लावूनच शिकावं लागतं, आणि ते शिक्षण अशा प्रोजेक्टमध्येच मिळतं. महागड्या ऑनलाइन क्वांटम सर्टिफिकेटांत पैसे घालू नका, एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन मंचावर व्याख्यानं फुकट आहेत. वयोमर्यादेत असाल तर प्रोजेक्ट चालू असतानाच नेट पुन्हा द्या. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थाही ठरावीक समाजघटकांतल्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांना फेलोशिप देतात, त्यांपैकी ज्यात बसता तिथे अर्ज करा. फक्त दोन फेलोशिप एकाच वेळी घेता येत नाहीत, म्हणून पहिली सोडल्याचं पत्र तारखेसकट लेखी घ्या, नाहीतर मधल्या महिन्यांची वसुली निघते.