या चुका टाळा : मिसेलचे द्रावण गढूळ झाले, तर दोष आधीच्या टप्प्यात शोधा

नाशिकमध्ये जुलै-ऑगस्टची संततधार सुरू असताना पॉलिइथिलीन ग्लायकॉल (पुढे नुसते ‘ग्लायकॉल’) ही जलस्नेही आणि पॉलिकॅप्रोलॅक्टोन ही जलविरोधी साखळी टोकाशी जोडून ब्लॉक कोपॉलिमर करणाऱ्या विद्यार्थ्यांची तक्रार बहुधा एकच असते : पाण्यात मिसेल (जलविरोधी भाग आत गाभ्यात आणि जलस्नेही भाग बाहेर असलेले सूक्ष्म कण) होण्याऐवजी द्रावण गढूळ होते आणि तळाशी पांढरा साका बसतो. मग पाणी घालण्याचा वेग बदलला जातो, विद्रावक बदलला जातो. माझ्या मते हा शोध चुकीच्या जागी चाललेला असतो.

या अभिक्रियेत ग्लायकॉलच्या टोकाचा हायड्रॉक्सिल गट कॅप्रोलॅक्टोनचे वलय उघडतो आणि तेथून जलविरोधी साखळी वाढत जाते. परंतु पाण्याचा रेणूही तेच काम करतो, आणि त्यातून वाढलेल्या साखळीला जलस्नेही भागच नसतो. ५००० रेणुभाराच्या, एका टोकाला मिथॉक्सी गट असलेल्या १० ग्रॅम ग्लायकॉलमध्ये २ मिलिमोल हायड्रॉक्सिल टोके असतात, आणि ३६ मिलिग्रॅम पाणी म्हणजेही २ मिलिमोलच. म्हणजे ०.३६ टक्के ओलावा पूर्णपणे अभिक्रियेत उतरला, तर निम्म्या साखळ्या निरुपयोगी ठरतात, आणि पाण्यात साका होतो तो त्यांचाच. ग्लायकॉल हवेतला ओलावा शोषतो, हे लक्षात घेतले तर उघड्या बाटलीतून सावकाश वजन करणे किती महागात पडते, ते कळते.

म्हणून ग्लायकॉल टोल्युईनमध्ये विरघळवून ते टोल्युईन ऊर्ध्वपातनाने काढून टाकावे. टोल्युईन आणि पाणी सुमारे ८५ अंश सेल्सिअसला एकत्र उकळतात, त्यामुळे ओलावा त्याबरोबर निघून जातो. पावसाळ्यात मी हे दोनदा करावयास सांगतो. कॅप्रोलॅक्टोन कॅल्शियम हायड्राइडवर रात्रभर ढवळून कमी दाबाखाली ऊर्ध्वपातित करावे आणि काचेची उपकरणे भट्टीतून काढून गरम असतानाच नायट्रोजनखाली जोडावीत.

पुढची चूक म्हणजे शुद्धीकरणावर भिस्त ठेवणे. थंड डायइथिल इथरमध्ये उरलेले कॅप्रोलॅक्टोन विरघळून जाते, पण पाण्यापासून वाढलेले नुसते पॉलिकॅप्रोलॅक्टोन त्यात विरघळत नाही, ते कोपॉलिमरबरोबरच खाली बसते. (इथर सुमारे ३५ अंशांना उकळते, एप्रिल-मेच्या दुपारी ते बर्फात ठेवल्याशिवाय उघडू नये.) त्यामुळे जेल पर्मिएशन क्रोमॅटोग्राफीच्या (साखळ्या आकारानुसार वेगळ्या करणाऱ्या पद्धतीच्या) आलेखात कमी रेणुभाराच्या बाजूला खांदा किंवा दुसरे शिखर दिसले, तर नमुना पाण्यात घालण्याची घाई करू नये, सुकवण्यापासून पुन्हा आरंभ करावा.

मिसेल करताना टेट्राहायड्रोफ्युरानमधील द्रावणात पाणी थेंबाथेंबाने, ढवळत घालावे आणि नंतर विद्रावक डायलिसिसने (लहान रेणूच पार होऊ देणाऱ्या पडद्यातून) काढावा. प्रकाश-विकिरणाने (कणांवरून विखुरलेल्या प्रकाशावरून) आकार मोजण्यापूर्वी द्रावण गाळून घ्यावे, कारण लहान कणांच्या बाबतीत विकिरणाची तीव्रता व्यासाच्या सहाव्या घाताने वाढते आणि धुळीचे मोजके कणही सरासरी बिघडवतात.

ब्लॉकचे, म्हणजे दोन साखळ्यांच्या लांबीचे, प्रमाण ठरवण्यासाठी एनएमआर (रेणूतील हायड्रोजन ओळखणारा चुंबकीय वर्णपट) मात्र ड्युटेरेटेड क्लोरोफॉर्ममध्येच घ्यावा. जड पाण्यात गाभ्यातील साखळ्या जखडलेल्या असल्यामुळे पॉलिकॅप्रोलॅक्टोनची ४.०६ आणि २.३० पीपीएमजवळची शिखरे पुसट होतात, ग्लायकॉलचे ३.६४ जवळचे शिखर तेवढे स्पष्ट राहते, आणि जलविरोधी भाग प्रत्यक्षापेक्षा आखूड भासतो. तोच नमुना क्लोरोफॉर्ममध्ये पूर्ण शिखरे देत असेल, तर जड पाण्यातली ही पुसट शिखरे मिसेल तयार झाल्याची खूण मानावी.