एअरपोर्टजवळचं हॉटेल बुक करताय? आधी तिकीट उघडा आणि या चुका टाळा

ॲप उघडायचं, 'मुंबई एअरपोर्टजवळ' टाकायचं, स्वस्तातलं पहिलं हॉटेल उघडायचं, फोटो बरे दिसले की पैसे भरून मोकळं व्हायचं. बहुतेक लोक असंच करतात आणि मग फ्लाइटच्या आदल्या संध्याकाळी मला फोन येतो. ठाण्यात नौपाड्याला माझं तिकिटांचं काम आहे, त्यामुळे हे फोन काही नवीन नाहीत, पण दरवेळी जीव तुटतो, कारण पाच मिनिटं तिकीट नीट वाचलं असतं तर यातलं काहीच झालं नसतं. या हॉटेलचं काम एकच असतं, जाताना तुम्हाला वेळेत काउंटरवर पोचवणं आणि येताना रात्री-अपरात्री टेकायला जागा देणं. म्हणून सुरुवात तिकिटापासून करायची आणि उलटा हिशोब करत हॉटेलपर्यंत यायचं. रेट आणि फोटो सगळ्यात शेवटी.

विमान कुठून सुटतंय तेच न बघणं

२५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा एअरपोर्ट चालू झालाय. तिकिटाच्या साइटवर नुसतं मुंबई टाकलं की दोन्हीकडची विमानं एकाच यादीत दिसू शकतात, लोक स्वस्त वेळ बघून क्लिक करतात आणि हॉटेल मात्र सवयीने अंधेरीत घेतात. तिकिटावर बीओएम असेल तर आपला जुना एअरपोर्ट, एनएमआय असेल तर नवी मुंबईचा, उलव्याचा. दोघांमध्ये तीस-पस्तीस किलोमीटर तरी आहेत आणि मधे खाडी. सकाळी सातच्या ट्रॅफिकमध्ये अंधेरीहून उलव्याला निघालेल्या माणसाला मी फोनवर काय मदत करणार?

जुन्या एअरपोर्टवरही टी-वन टर्मिनल वेगळं आणि टी-टू वेगळं. टी-वन सांताक्रूझचं, पार्ल्याच्या बाजूला, टी-टू सहारला, रस्त्याने चार-पाच किलोमीटरचं अंतर. इंडिगोची विमानं दोन्हीकडून सुटतात, म्हणून नुसतं कंपनीचं नाव बघून अंदाज बांधू नका. ॲपवर 'एअरपोर्टपासून दीड किलोमीटर' लिहिलेलं असतं ते बऱ्याचदा सरळ रेषेतलं, रनवेवरून मोजलेलं असतं, आणि रनवेवरून टॅक्सी जात नाही. मी मॅपवर हॉटेलचं नाव आणि टर्मिनलचं पूर्ण नाव टाकते आणि निघायची वेळ आपली खरी वेळ टाकते. दुपारी घरी बसून बघितलेला रस्ता पहाटेचा नसतो आणि संध्याकाळचा तर नसतोच.

नवी मुंबईच्या फ्लाइटला ठाण्याच्या लोकांनी वाशी, बेलापूर, खारघर, पनवेल यातलंच बघावं. सामान थोडं असेल तर ठाणे-पनवेल लोकलने आरामात जाता येतं, फक्त मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत लोकल नसते हे धरून चाला. टी-टूसाठी दिवसा घाटकोपरला उतरून मेट्रोने मरोळ नाका आणि तिथून ॲक्वा लाइन या दुसऱ्या मेट्रोने थेट टर्मिनलचं स्टेशन, हा रस्ता मला मनापासून आवडतो, पण पहाटेच्या फ्लाइटला मेट्रोही उपयोगाची नाही.

तारखेचा घोळ

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, आणि शिकलेली, वर्षातून चार वेळा विमानात बसणारी माणसं ती करतात.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्याकडून तिकिटं काढणारे एक काका, त्यांची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलेली, दोघं भाड्याच्या वन-बीएचकेत. लंडनहून लेक, जावई आणि दोन वर्षांची नात येणार होती. विमान उतरणार २१ तारखेला रात्री पाऊण वाजता, एवढ्या रात्री त्या छोट्या घरात सगळे कुठे झोपणार म्हणून जावयाने तिकडूनच ॲपवर टी-टूजवळ हॉटेल घेतलं, २१ ते २२, नॉन-रिफंडेबल, कारण तेवढेच पैसे कमी. इमिग्रेशन, बॅगा, पावसात टॅक्सी असं करत अडीचला हॉटेलवर पोचले. रिसेप्शनवरचा मुलगा म्हणाला, सर बुकिंग आजचंच आहे, पण रूम दुपारी दोनला मिळेल. त्याचं काही चुकत नव्हतं. २१ तारखेच्या बुकिंगचा चेक-इन २१च्या दुपारी. त्यांना हवी होती २० तारखेची रात्र. रिकामी रूम एकही नव्हती.

तीनला काकांचा मला फोन. पोरगी लॉबीतल्या सोफ्यावर आईच्या ओढणीत गुंडाळून झोपलेली, जावई काउंटरवर भांडतोय. मी मरोळला ओळखीच्या एका हॉटेलात फोन लावला, रूम होती, पण नातीचा पासपोर्ट ब्रिटिश म्हटल्यावर त्यांनी हात वर केले. परदेशी पासपोर्टवाला पाहुणा उतरला की हॉटेलला २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवावी लागते, छोटी हॉटेलं ती कटकट घ्यायलाच तयार नसतात. शेवटी साडेचारला तिसऱ्या ठिकाणी रूम मिळाली, आधीच्यापेक्षा दुप्पट भावात. सकाळी उठून सगळे ठाण्याला आले आणि ते पहिलं बुकिंग तसंच वाया गेलं.

तर माझी पद्धत अशी. तिकिटावर रात्री बारा ते सकाळी दहामधली कुठलीही वेळ दिसली की हॉटेल आदल्या तारखेचं, उतरताना असो नाहीतर निघताना. आणि मी तारीख लिहीत नाही, वार लिहिते, कागदावर, पेनाने: शनिवारची रात्र, रविवारची पहाट. वार लिहिला की गडबड लगेच दिसते, तारखेत दिसत नाही. मग हॉटेलला फोन करून सांगते की पाहुणे रात्री तीनला येणार आहेत, पाहुणे आलेच नाहीत असं धरून, नो-शो टाकून रूम दुसऱ्याला देऊ नका. ज्याच्याशी बोलले त्याचं नाव विचारून घेते आणि तेच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवते. लोक म्हणतात एवढं कशाला, ॲपवर कन्फर्म आलंय ना. ॲपवरच्या कन्फर्मला रात्री तीन वाजता कोणी विचारत नाही, तेव्हा समोरच्या माणसाला तुमचं नाव माहीत असावं लागतं.

लोकल आयडी

ठाणे आणि नवी मुंबईकरांनी हे तर पाठच करून ठेवावं. एअरपोर्टजवळची बरीच मधल्या भावाची हॉटेलं लोकल आयडीवर, म्हणजे त्याच भागातला पत्ता असलेल्या ओळखपत्रावर, रूम देत नाहीत, आणि त्यांच्या लेखी ठाणे, वाशी, कल्याण सगळं लोकल. असा काही कायदा नाही, हॉटेलने स्वतः केलेला नियम आहे, पण रात्री दहाला बॅगा घेऊन दारात उभं राहून त्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. माझ्या ओळखीतलं एक जोडपं, लग्नाला तीस वर्षं झालेली माणसं, त्यांना ठाण्याचं आधार बघून परत पाठवलं. त्या मावशींना किती अपमान वाटला असेल. ॲपवर हॉटेलच्या पानावर खाली नियम असतात, ते उघडून 'लोकल आयडी' शोधा, आणि तिथे हो लिहिलेलं असलं तरी फोन करून विचारा. आणि पॅन कार्ड चालत नाही, त्यावर पत्ता नसतो. आधार, पासपोर्ट, लायसन्स, व्होटर कार्ड यातलं काहीतरी प्रत्येक मोठ्या माणसाचं हवं, एकाचं दाखवून भागत नाही.

बाकीच्या, पटापट

फ्री पिकअप म्हणजे तुम्ही उतरलात की गाडी हजर, असं नसतं. बऱ्याच ठिकाणी ठरावीक वेळेची शेअर गाडी असते, रात्री बंद. वेळ विचारा, पहाटेची सीट आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवा.

टॅक्स धरून भाव बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७५०० रुपयांपर्यंतच्या रूमला ५ टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर १८. म्हणजे ७४००ची रूम ७७७०ला पडते आणि ७६००ची ८९६८ला. दोनशेच्या फरकाचे जवळजवळ बाराशे होतात, आणि 'जरा वरची घेऊया' म्हणणाऱ्याला ते बिल बघूनच कळतं.

गूगलवर सापडलेल्या नंबरवर ॲडव्हान्स पाठवू नका. हॉटेलच्या नावाने खोटे नंबर आणि क्यूआर कोड सर्रास फिरतात. हॉटेलच्या स्वतःच्या साइटवरचा नंबर घ्या, आणि फसलातच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, उद्या बघू करत बसू नका.

चार-पाच तासांचाच प्रश्न असेल तर पूर्ण रात्र कशाला, तासांवर रूम देणारी हॉटेलं आहेत, टी-टूच्या आत ट्रान्झिट हॉटेलही आहे.

नाश्ता फुकट म्हणून खूश होऊ नका, तो बहुतेक ठिकाणी सातला लागतो आणि तुम्ही चारला निघालेले असता. डबा बांधून द्याल का विचारा, बरेच जण देतात.

आणि एक, मला धंद्याला तोटा झाला तरी सांगते: ठाणे शहरातून पहाटेच्या फ्लाइटला हॉटेल बहुतेकदा लागतच नाही. रात्री दोनला ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे आणि जेव्हीएलआर, म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड, मोकळा असतो. घोडबंदर रोडवाल्यांनी रात्रीच्या ट्रकांसाठी अर्धा-पाऊण तास जास्त धरावा. मुसळधार पावसाचे दिवस, सोबत म्हातारी माणसं किंवा लहान मूल, नाहीतर सकाळी नऊ-दहाची फ्लाइट ज्यासाठी भर ट्रॅफिकमध्ये निघावं लागतं, तेव्हा मात्र आदल्या रात्री तिकडेच राहा, पैशाकडे बघू नका.

चूक होऊन बसली असेल तर

आधी ॲपच्या कस्टमर केअरला फोन करू नका, ते तासभर होल्डवर ठेवून 'हॉटेलशी बोलून सांगतो' म्हणतील. तुम्हीच हॉटेलला फोन करा, रिसेप्शनवर नाही, रिझर्व्हेशन किंवा ड्यूटी मॅनेजर मागा, आणि पैसे परत मागण्याऐवजी तारीख बदलून मागा. रूम रिकामी असेल तर नॉन-रिफंडेबलवरही पुष्कळ जण तारीख बदलून देतात, कारण त्यांना पैसे परत करावे लागत नाहीत. ते हो म्हणाले की दोन ओळींचा मेल मागून घ्या, मग ॲपला फोन करा आणि तो मेल पुढे करा. हे सगळं सकाळी अकराच्या आत करा, त्या वेळी मॅनेजर जागेवर असतो आणि रात्रीच्या रूम अजून भरलेल्या नसतात.