आई-बाबांची दवाखान्याची फाइल मोबाइलवर कशी आणावी

इंदूरला रामबागेत किंवा लोकमान्य नगरात जी जुनी मराठी घरे आहेत, त्यांतल्या बहुतेकांत कपाटाच्या वरच्या फळीवर साड्यांच्या दुकानाची एखादी जाड पिशवी असते आणि तीत आई-बाबांचे गेल्या वीस वर्षांचे रिपोर्ट कोंबलेले असतात. मुले पुण्याला किंवा बंगळुरूला नोकरीत असली, की नेमक्या गरजेच्या वेळी त्या पिशवीतला हवा तो कागद कोणालाही सापडत नाही. तो मोबाइलवर आणणे अवघड नाही. मात्र कामाचा क्रम चुकला तर दुप्पट खटाटोप होतो.

प्रथम आभा आणि आयुष्मान या दोन कार्डांमधला फरक समजून घ्यावा, कारण आपल्याकडे त्यांची सर्रास गल्लत होते. आभा हा 14 आकडी क्रमांक निरनिराळ्या रुग्णालयांतल्या नोंदी एकत्र पाहता याव्यात यासाठी आहे. तो सप्टेंबर 2021 मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा भाग आहे आणि त्याने उपचारांचा एक रुपयाही माफ होत नाही. खर्चासाठी असते ते आयुष्मान कार्ड, जे ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षे व त्यापुढील सर्वांना, उत्पन्न कितीही असले तरी, मिळू शकते.

आभा क्रमांक आधार आणि ओटीपी यांच्या साहाय्याने घरबसल्या, विनामूल्य काढता येतो. त्यासाठी आधारला जोडलेला मोबाइल चालू असावा लागतो, आणि अनेक वयस्कर मंडळींचा तो क्रमांक कधीच बंद पडलेला असतो; तेव्हा आधी आधार केंद्रात जाऊन तो बदलून घ्यावा. कोणी फोन करून ‘आभा काढून देतो, ओटीपी सांगा’ म्हणाले, तर फोन ठेवून द्यावा.

खरी अडचण पुढे येते, आणि ती मध्य प्रदेशातल्या मराठी कुटुंबांना विशेष जाणवते. आपल्याकडे नावात वडिलांचे किंवा पतीचे नाव मधोमध असते. इथल्या नोंदणीच्या खिडकीवर ते गाळून ‘पति का नाम’ या वेगळ्या रकान्यात टाकतात. त्यामुळे एकाच आईची नावे आधारवर एक, रुग्णालयात दुसरे आणि प्रयोगशाळेत तिसरे अशी होतात. रुग्णालयातली जुनी नोंद आभाशी जोडताना नाव, लिंग, जन्मवर्ष आणि मोबाइल क्रमांक पडताळले जातात, म्हणून यापुढे प्रत्येक ठिकाणी आधारवर असेल तसेच नाव लिहिण्याचा आग्रह धरावा. आभा नोंदणीचा क्यूआर कोड लावलेल्या रुग्णालयात तो मोबाइलवरच्या आभा ॲपने स्कॅन केल्यास माहिती आधारप्रमाणेच जाते आणि फॉर्म भरण्याची रांगही टळते.

नोंदी ज्या रुग्णालयाने केल्या त्याच्याकडेच राहतात. दुसऱ्या डॉक्टरांना त्या दाखवायच्या असतील तर ॲपवर संमती मागितली जाते. ती देताना मुदत आवर्जून पाहावी. दिलेली संमती नंतर मागेही घेता येते.

जुने कागद मात्र ॲपवर आपणच चढवावे लागतात. सगळी पिशवी स्कॅन करीत बसू नये. शस्त्रक्रिया आणि ॲडमिशनची डिस्चार्ज कार्डे, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ते, शेवटचा ईसीजी आणि अलीकडची रक्त-लघवी तपासणी एवढे पुरेसे होते. फोटो खिडकीजवळच्या उजेडात काढावा आणि फाइलच्या नावात तारीख आधी लिहावी.

व्हिडिओवर सल्ला घेण्यासाठी केंद्र सरकारची विनामूल्य ई-संजीवनी सेवा आहे. डॉक्टर घरचे रक्तदाबाचे आकडे विचारतात, आणि तेच बहुधा चुकीचे असतात. यंत्र दंडाला पट्टा बांधण्याचे घ्यावे, मनगटाचे नको. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा घेऊ नये; लघवीला जाऊन यावे, पाठ टेकून आणि पावले जमिनीवर ठेवून पाच मिनिटे स्वस्थ बसावे, हात छातीच्या उंचीवर टेबलावर ठेवावा आणि बोलू नये. ही शेवटची अट आमच्या इंदुरी घरांत पाळली जाणे सर्वांत कठीण! एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहावेत. असे सात दिवस सकाळ-संध्याकाळ करावे. सरासरी 135/85 किंवा त्याहून अधिक आली, तर डॉक्टरांना दाखवावे, परंतु आकडा पाहून गोळी स्वतःच वाढवू किंवा बंद करू नये.

छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे यांसाठी व्हिडिओची वाट पाहू नये. थेट 108 वर फोन करावा.

सगळे मोबाइलवर आल्यावरही मूळ डिस्चार्ज कार्डे, एक्स-रे फिल्म आणि बायोप्सीचे रिपोर्ट टाकून देऊ नयेत. पिशवी पातळ होईल, पण ती कुठे ठेवली आहे हे शेजारच्या काकूंनाही ठाऊक असू द्यावे.