परसातील दिव्यावर येणाऱ्या पतंगांची नोंद

फाल्गुनात बेळगाव-खानापूर भागातील रात्रींचा गारठा ओसरू लागला की परसातील पतंगांची नोंद सुरू करावी, आणि त्यासाठी अमावास्येच्या आसपासची, वारा पडलेली रात्र निवडावी, कारण लख्ख चांदण्यात दिव्याकडे थोडेच पतंग येतात. दोरीवर पांढरी चादर ताणून तिच्यासमोर अतिनील दिवा लावावा. पेटीचा सापळा, म्हणजे दिव्याकडे आलेले पतंग ज्या पेटीत उतरतात ती, असल्यास आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे ठेवावेत, म्हणजे पतंगांना आडोसा मिळतो व त्यांच्या पंखांवरचे खवले झडत नाहीत. दिव्याकडे टक लावून पाहू नये.

वहीत तारीख, गाव, दिव्याचा प्रकार, सुरुवातीची व शेवटची वेळ, तापमान आणि ढग लिहावेत. एकही पतंग न आलेली रात्रसुद्धा तितक्याच निष्ठेने नोंदवावी. छायाचित्र वरून, शेजारी मोजपट्टी ठेवून घ्यावे, आणि जमल्यास मागच्या पंखांचेही, कारण पुढचे पंख झाडाच्या सालीसारखे दिसणाऱ्या कितीतरी जाती मागच्या पंखांवरूनच वेगळ्या करता येतात. जात नक्की ठरत नसेल तर कुळापाशीच, म्हणजे ती ज्या मोठ्या गटात मोडते त्याच्या नावापाशीच, थांबावे; अंदाजाने लिहिलेले नाव पुढे सर्वांचीच दिशाभूल करते.

पहाटे बुलबुल आणि कोतवाल चादरीपाशी टपून बसतात, म्हणून उजाडण्यापूर्वी दिवा मालवून पतंग दाट झुडपांच्या सावलीत सोडावेत.