शाळेत पाऊस मोजायचा उपक्रम सुरू करताय? मग टीम नववीची घेऊ नका

हे त्यांच्यासाठी लिहितेय ज्यांच्याकडे यंदा हरित सेना नाहीतर इको क्लब, म्हणजे शाळेतलं मुलांचं पर्यावरण मंडळ, आलंय. बहुतेक ठिकाणी ते विज्ञानाच्या शिक्षकाकडेच येतं, त्यातही जो सगळ्यात नवीन त्याच्याकडे. मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत आहे, पाचवी ते दहावी, निम्मी मुलं गावातली आणि निम्मी वाड्या-वस्त्यांवरून चालत नाहीतर सायकलवर येणारी. वृक्षदिंडी, प्लास्टिकमुक्तीची शपथ, वसुंधरा दिन हे तुम्हाला माहितीच आहे, फोटो कुठे आणि कसे अपलोड करायचे तेही माहितीये, त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही. मला एकाच उपक्रमाबद्दल सांगायचंय, रोजचा पाऊस मोजणं, महिन्यातून एकदा ठरलेल्या विहिरींची पातळी मोजणं आणि ते आकडे चौकातल्या फळ्यावर लिहिणं. आमच्याकडे तो एकदा बंद पडला आणि परत उभा राहिला, तो का बंद पडला ते पुढे सविस्तर सांगते कारण तिथेच सगळे अडकतात.

हाच का? आमच्याकडे वर्षाला साधारण पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस. अख्खं गाव पावसावर बोलतं, पण "औंदा बरा झाला", "मागल्या सालापेक्षा कमीच" यापलीकडे आकडा कुणाकडे नसतो. हिवरे बाजारचं नाव सगळे घेतात, पोपटराव पवारांची भाषणं मोबाईलवर ऐकतात, पण त्या गावानं दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद, म्हणजे आलेलं पाणी आणि लागणारं पाणी यांचा हिशोब, मांडला आणि त्यावरून पिकं ठरवली हा भाग कुणी उचलत नाही. २०१६ ला पाणी फाउंडेशनची वॉटर कप ही गावांची जलसंधारणाची स्पर्धा तीन तालुक्यांत सुरू झाली, कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं, मग आपल्या जिल्ह्यातही गावंच्या गावं पहाटे उठून चर खणायला गेली. ते श्रम खरे होते, आमच्या मुलांच्या आईवडिलांनी केलेत. पण ते चर भरून किती पाणी मुरलं आणि कुठल्या विहिरीला उतरलं हे नंतर बघायचं राहून गेलं. हे काम शाळा करू शकते. यात खर्च जवळजवळ नाही, फक्त सातत्य लागतं, आणि तेच अवघड आहे, हे आधीच सांगून ठेवते.

पर्जन्यमापक कसा करायचा ते थोडक्यात. सरळ भिंतीची प्लास्टिकची बाटली घ्या, कमरेत खाच असलेली नको. वरचा निमुळता भाग कापून उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा. बाटलीचा तळ खोलगट असतो म्हणून आधी बारीक खडी टाकून वर सिमेंट ओता, वरची पातळी सपाट करा, तिथे शून्य आणि तिथून वर पट्टी चिकटवा. तोंड आणि बाटली एकाच व्यासाची असेल तर पट्टीवरचा मिलिमीटर म्हणजेच पावसाचा मिलिमीटर. नरसाळं मोठं वापरलंत तर हिशोब बदलतो, १२ सेंटीमीटर व्यासाच्या तोंडाला १ मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण ११.३ मिलिलिटर पाणी, हे गणित सातवी-आठवीच्या मुलांकडून करून घ्या, वर्तुळाचं क्षेत्रफळ त्यांना आयुष्यभर लक्षात राहील. तोंड जमिनीपासून एक फूटभर वर असू द्या म्हणजे चिखलाचे शिंतोडे आत जाणार नाहीत. आणि भिंत किंवा झाड जितकं उंच त्याच्या निदान दुप्पट अंतरावर ठेवा. बऱ्याच शाळांत तो मुख्याध्यापकांच्या खोलीसमोर शोभेला लावलेला असतो, पत्र्याच्या पागोळ्याखाली, त्या आकड्याला काही अर्थ नाही.

वाचन सकाळी साडेआठला. हवामान खातं तेव्हा घेतं म्हणून आपणही तेव्हाच, आधीच्या २४ तासांचा पाऊस त्या तारखेला लिहायचा. पाऊस नसेल तर ० लिहायचा, रकाना मोकळा सोडायचा नाही. मोकळा रकाना म्हणजे पाऊस नव्हता की मूल आलं नव्हतं हे सहा महिन्यांनी कुणालाच सांगता येत नाही.

आता शाळा भरते साडेदहाला, मग साडेआठला कोण वाचणार? म्हणून मापक शाळेत एक आणि बाकीचे मुलांच्या घरी, वस्त्यांवर. आम्ही सोय म्हणून तसं केलं पण त्यातून सगळ्यात भारी गोष्ट कळली, एकाच संध्याकाळी माळावरच्या वस्तीवर जोरदार आणि ओढ्याकडच्या वस्तीवर चार थेंब. मुलांना हे माहीत असतं, भिजत येतात ना ती, पण आकड्यात बघितल्यावर त्यांचे डोळे मोठे होतात.

आता तो सापळा.

जूनमध्ये तुम्ही टीम निवडायला बसता. साहजिकच नववीकडे बघता, कारण नववीची मुलं समजूतदार असतात, अक्षर चांगलं, दशांश चिन्ह चुकत नाहीत, विहिरीवर न्यायला धाक वाटत नाही, स्टेजवर बोलतात. मीही तेच केलं आणि पहिलं वर्ष इतकं छान गेलं की केंद्रप्रमुखांनी वही हातात घेऊन कौतुक केलं. पुढच्या जूनला ती सगळी दहावीत. दहावीचे जादा तास तर मे महिन्यातच सुरू झालेले, सकाळी साडेसातला. साडेआठची वेळ कुणालाच जमेना. पालक घरी येऊन सांगून गेले, मॅडम यंदा तिला मोकळं करा, आणि त्यांचं काय चुकलं, बोर्डाचं वर्ष आहे. मृगाचा पहिला चांगला पाऊस पडला त्या सकाळी एकाही वस्तीवरचा आकडा आला नाही. नवीन मुलांना शिकवेपर्यंत श्रावण उजाडला, आणि ज्या वहीत जून-जुलै नाही ती पावसाची वही कुणाला दाखवणार.

हे जरा ताणून सांगते कारण बाहेरून ते लक्षात येत नाही. पाऊस आणि शाळा दोन्ही जूनलाच सुरू होतात. म्हणजे तुम्ही मुलाला शिकवणार ते पाऊस पडत असताना, पहिला पावसाळा शिकण्यातच जातो. नववीच्या मुलाकडे दहावीआधी तेवढा एकच पावसाळा असतो, शिकला आणि गेला. सहावीतल्या मुलाकडे चार असतात, सहावी, सातवी, आठवी, नववी. तेव्हा मूल निवडताना हुशारी, अक्षर, वक्तृत्व सगळं बाजूला ठेवा आणि त्याच्याकडे किती पावसाळे शिल्लक आहेत ते बघा. पाचवीचं मूल मापाला जरा चुकतं, पट्टी वाकडी वाचतं, त्यामुळे सहावी मला बरोबर वाटते. हरित सेनेचं रोपांचं काम घेतलंत तरी हाच हिशोब, रोपाला निदान तीन उन्हाळे पाणी लागतं आणि नववीतल्या मुलाकडे शाळेतला एकच मोकळा उन्हाळा असतो. परसबाग, गांडूळखत, सुका कचरा, काहीही घ्या, नववीवर उभं केलेलं दुसऱ्या वर्षी बसतं.

मग आता आम्ही असं करतो. प्रत्येक मापकाला सहावी-सातवीतली दोन मुलं, त्याच वस्तीवरची, शक्यतो शेजारची. त्यांच्या वर आठवीतलं एक, जे आठवड्यातून एकदा येऊन वाचन तपासतं. नववीची मुलं आलेख काढतात, ताळेबंद मांडतात, ग्रामसभेत बोलतात. दहावीला काहीच नाही. आणि हस्तांतर मार्चमध्ये, वार्षिक परीक्षेच्या आधी, जूनमध्ये अजिबात नाही, कारण एप्रिल-मेमध्ये अवकाळी पडतो आणि तेव्हा शाळा बंद असली तरी घरचे मापक चालू असले पाहिजेत. लहान मुलं स्पर्धेला चालतील का असं विचारतात, राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेला १० ते १७ वय चालतं, काही अडत नाही.

स्पर्धेवरून आठवलं म्हणून स्पष्टच लिहिते. दर जिल्ह्यात काही मार्गदर्शक असतात जे तयार प्रकल्प देतात, फाईल, चार्ट, निष्कर्ष सगळं बांधलेलं. घेऊ नका. परीक्षकांनी मुलाला विचारलं की बाळा हा आकडा तू कुठे घेतलास, तर ते मूल खाली बघतं, आणि ते खाली बघणं तुम्ही त्याला शिकवलेलं असतं. दुसरं, कुणी देणगीत बॅटरीवर चालणारं स्वयंचलित हवामान यंत्र देतो म्हणालं तर आभार मानून आधी विचारा की बिघडल्यावर कोण येणार. जे मुलांना उघडून दुरुस्त करता येत नाही ते पहिल्या बिघाडानंतर कपाटावर जातं.

खरा मार्गदर्शक तुमच्या शाळेतच असतो, शिपाई मामा. आमच्या मामांना कुठली विहीर कुणाची, कुणाच्या भावकीत वाद आहे, कुठल्या विहिरीला ७२ च्या दुष्काळातही पाणी होतं, सगळं ठाऊक. विहिरी त्यांनीच निवडून दिल्या. मी माझ्या मनानं निवडल्या असत्या तर निम्म्या ठिकाणी मालकानं बांधावरूनच परत पाठवलं असतं. रिटायर झालेले कृषी सहायक गावात असतील तर त्यांनाही गाठा.

विहिरींबद्दल कडक शब्दात सांगते. कठडा नसलेल्या विहिरीवर मुलांना न्यायचंच नाही. कठडा असला तरी मोठं माणूस सोबत असल्याशिवाय नाही, वाकून बघायचं नाही, टेप मोठ्या माणसानं सोडायचा आणि मुलानं आकडा लिहायचा. मालकाची परवानगी आणि पालकांचं संमतीपत्र दोन्ही फाईलला. आकडा चुकला तर पुढच्या महिन्यात परत घेता येतो, मुलाचा जीव परत आणता येत नाही. बाकी पद्धत सोपी आहे, कठड्यावर ऑइलपेंटनं एक खूण करा आणि दर वेळी तिथूनच पाण्यापर्यंतचं अंतर मोजा. मोटर चालू असताना किंवा नुकती बंद झाल्यावर मोजू नका, पाणी खाली गेलेलं असतं. शेतीची लाईट कधी दिवसा कधी रात्री, त्यामुळे मालकाला विचारूनच वेळ ठरवा. भूजल सर्वेक्षण विभाग त्यांच्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजतो, आपल्याला दर महिन्याला जमतं, गावातच आहोत की आपण.

आकडे चौकात लिहायला लागलात की लोक येणार. पहिले चांगल्या कारणासाठी येतात, मग दुसरेही येतात. महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या सरकारी गटात, २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की मदतीसाठी अतिवृष्टी धरतात हे शेतकऱ्याला पाठ असतं. मंडळाचं यंत्र दुसऱ्या गावात, तिथे कमी नोंद आणि आपल्या वस्तीवरचं सोयाबीन पाण्यात, अशा वेळी लोक शाळेची वही मागतात, त्यावर सही-शिक्का मागतात. वही दाखवा, फोटो काढू द्या, पण शिक्का देऊ नका आणि या आकड्यानं मदत मिळेल असं मुलांच्याही तोंडून जाऊ देऊ नका. आपली नोंद सरकारी नाही. लोकांचं नुकसान खरं असतं, नाही म्हणताना पोटात तुटतं, तरीही नाहीच म्हणायचं. ज्यांना तक्रार करायचीय त्यांना तलाठी आणि कृषी कार्यालयाकडे लेखी अर्ज करायला मदत करा, तेवढं नक्की करा.

दुसरा नाजूक विषय ऊस. एक हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी, एवढं कळलं की मुलं शिवाराचा हिशोब मांडतात, मग कुठल्या पिकाला किती लागतं ते मांडतात, आणि ज्वारी-तुरीसमोर उसाचा आकडा आला की वर्गात शांतता, कारण निम्म्यांच्या घरी ऊस आहे. तो आकडा झाकू नका. पण फळ्यावर कुणाच्या शेताचं नाव नको, "ऊस लावू नका" असली घोषणा नको. मुलानं घरी जाऊन वडिलांना हिशोब दाखवला तर पुष्कळ झालं, कर्ज आणि कारखान्याचं गणित त्या वडिलांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. आमच्याकडे ताळेबंद २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठेवतो, पावसाळा संपत आलेला असतो आणि रब्बीची पेरणी अजून हातात असते. १५ ऑगस्टला ठेवलात तर अर्धाच पाऊस दाखवाल.

गणित अवघड वाटणाऱ्या मुलांसाठी शाळेच्या छतापासून सुरू करा. २०० चौरस मीटर छत, ५०० मिलिमीटर पाऊस, म्हणजे १ लाख लिटर. आमच्या एका मुलीनं हे मांडून मुख्याध्यापकांना विचारलं की मग आपण टँकर का मागवतो सर, आणि त्या प्रश्नातून पुढच्या वर्षी पन्हाळ आणि टाकी झाली, माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून.

घाबरून जाऊ नका. पहिल्या वर्षी आकडे चुकतात, एखादी बाटली शेळी पाडते, ऑनलाइन माहिती आणि निवडणुकीची कामं मध्येच येतात आणि वाटतं की हे आपल्याच मागे का. मला अजूनही जून आला की छातीत धडधड होते, यंदा सगळ्या वस्त्यांवरून आकडे येतील का म्हणून. पण ज्या दिवशी सहावीतलं मूल रविवारी सकाळी न सांगता फोन करून "मॅडम, बावीस" म्हणतं, त्या दिवशी सगळं वसूल होतं.

ज्यांनी नववीची टीम आधीच केलीय त्यांनी ती मोडू नका, मुलांचं मन दुखावतं. याच आठवड्यात प्रत्येकाच्या जोडीला त्याच वस्तीवरचं सहावीचं एक मूल लावा, गणपतीपर्यंत दोघांनी मिळून वाचायचं, दिवाळीनंतर वही सहावीकडे आणि नववीनं फक्त तपासायचं. महिन्याच्या शेवटी वहीच्या प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, आमच्या शाळेत वाळवी आहे, तुमच्याकडेही असेल.